मुलगा रुसून काशीला निघून गेला, तेव्हा संत एकनाथांनी आपलं घर पुन्हा कसं जोडलं?

बापाचं आणि लेकाचं पटत नाही, ही काही आजची गोष्ट नाही. मुलगा शिकतो, हुशार होतो आणि एक दिवस त्याला वाटायला लागतं की आपल्या वडिलांचं वागणं चारचौघांत शोभत नाही. मग वाद, अबोला आणि शेवटी वेगळं बिऱ्हाड. आज हे कुटुंब समुपदेशकाकडे जाईल. साडेचारशे वर्षांपूर्वी पैठणमध्ये असं काही नव्हतं. पण तेव्हा तिथल्या एका वाड्यात अगदी हेच घडलं. बाप होते संत एकनाथ आणि लेक होता हरिपंडित.

एकनाथ महाराज म्हटलं की आपल्याला भारुडं आठवतात, गाढवाला गंगाजल पाजणारे नाथ आठवतात, अंगावर थुंकणाऱ्या माणसावरही न चिडणारे नाथ आठवतात. पण त्यांच्या आयुष्याचा एक भाग थोडा मागे राहतो. ज्ञानेश्वरांनी लग्न केलं नाही. रामदास बोहल्यावरून निघून गेले. एकनाथांनी मात्र संसार केला, तोही भरल्या घराचा, आणि अध्यात्माची खरी परीक्षा त्यांनी याच घरात दिली.

आई-वडिलांविना वाढलेलं पोर

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण ५०-५५ किलोमीटरवर, गोदावरीच्या काठावर पैठण आहे. १५३३ च्या सुमारास इथे एकनाथांचा जन्म झाला. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. घराण्याचं नाव आधीपासून मोठं होतं, कारण पणजोबा होते संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा मानते.

नाव मोठं असलं तरी घरावर संकट आलं. एकनाथ लहान असतानाच आई-वडील दोघंही गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने त्यांना वाढवलं. म्हणजे ज्या माणसाला पुढे महाराष्ट्राने आदर्श गृहस्थ म्हटलं, त्याने स्वतः आई-वडिलांचा संसार कधी नीट पाहिलाच नव्हता.

आणि एक दिवस हे पोरही घरातून निघून गेलं. परंपरा सांगते की बारा वर्षांचे असताना एकनाथ आजी-आजोबांना काही न सांगता देवगिरीच्या वाटेला लागले. त्यांना गुरू हवा होता. इकडे म्हाताऱ्यांनी मुलगा गमावला, सून गमावली आणि आता नातूही गेला. पुढे एकनाथांचा स्वतःचा मुलगा घर सोडून गेला, तेव्हा मागे राहिलेल्यांचं दुःख काय असतं हे त्यांना कळायला हवं होतं. कारण ते दुःख त्यांनी स्वतःच कधीतरी आपल्या आजोबांना दिलं होतं.

देवगिरीच्या किल्ल्यावरचा हिशेब

देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. तेव्हा तो अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि तिथे जनार्दनस्वामी नावाचे अधिकारी होते. मूळचे चाळीसगावचे, दत्ताचे उपासक. किल्ल्याचा कारभार पाहायचा आणि उपासनाही करायची, असा त्यांचा दिनक्रम. संन्यास नाही, जंगल नाही. नोकरी सांभाळून केलेलं अध्यात्म एकनाथांनी पहिल्यांदा पाहिलं ते इथे.

गुरूने शिष्याला काय शिकवलं? ध्यान आणि ग्रंथ तर शिकवलेच, पण हिशेबही लिहायला लावला. एका रात्री जमाखर्चात एका पैची चूक लागेना, म्हणून एकनाथ रात्रभर बसून राहिले आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आजही कीर्तनात सांगतात. त्यावर जनार्दनस्वामींनी त्यांना सुचवलं की एवढ्याशा चुकीसाठी मन इतकं एकाग्र होत असेल, तर तेच मन परमार्थात लाव. पुढे खुलताबादजवळच्या शूलीभंजनच्या डोंगरावर एकनाथांनी साधना केली. नंतर गुरूंसोबत ते तीर्थयात्रेला निघाले. त्र्यंबकेश्वरला गुरूंच्याच सांगण्यावरून त्यांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत ओव्या लिहिल्या. मराठीत लिहायचं हे त्यांचं तिथूनच पक्कं झालं. पुढे घरात जी ठिणगी पडली, तिचं मूळ इथे आहे.

आजोबांनी आणलेली चिठ्ठी

यात्रेची पुढची वाट एकनाथांनी एकट्याने केली आणि फिरत फिरत ते पैठणला आले. पण घरी गेले नाहीत. गावाबाहेर एका देवळात उतरले. आजोबांनी मात्र शोध थांबवला नव्हता. ते देवगिरीला जाऊन जनार्दनस्वामींना भेटले होते आणि त्यांच्याकडून एक चिठ्ठी घेऊन आले होते. नातू दिसल्यावर त्यांनी ती चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. पुढे न जाता तिथेच राहावं, असा गुरूंचा आदेश तिच्यात होता. परंपरा सांगते की एकनाथ त्याच जागी थांबले.

नंतर गुरूंनी त्यांना लग्न करायला सांगितलं. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळात वैराग्य म्हणजे घर सोडणं, असाच सरळ अर्थ होता. इथे गुरूनेच घराकडे पाठवलं. आजोबा नातवाला स्वतः समजावू शकले असते, पण तो ऐकेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून ज्याचा शब्द तो मोडणार नाही अशा माणसाला त्यांनी मध्ये घेतलं. गावाकडे आजही भावकीचं भांडण मिटवायला असाच कुणीतरी जाणता माणूस बोलावतात.

नाथांच्या वाड्यात कोण कोण राहायचं?

एकनाथांची पत्नी गिरिजाबाई. त्यांचं माहेर वैजापूरचं मानतात. त्यांना गोदा आणि गंगा या दोन मुली आणि हरी हा मुलगा झाला. पण वाडा एवढ्यावर थांबत नव्हता. घरचं सगळं पाहणारा उद्धव होता. येणारे-जाणारे वारकरी होते. आणि गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला रोज पुरणपोळीच लागायची आणि तो आईला काही जुमानत नव्हता. शेवटी आईने त्याला नाथांच्या घरी आणून सोडलं. गिरिजाबाईंनी त्याला सांभाळलं. याच गावबाने पुढे नाथांचं अपुरं राहिलेलं भावार्थ रामायण पूर्ण केलं. नाथांची लेखणी युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत चालली होती.

नाथांच्या शांत स्वभावाच्या गोष्टीत गिरिजाबाईही तेवढ्याच शांत दिसतात. एकाने पैशांसाठी पैज घेतली की नाथांना चिडवून दाखवतो. जेवताना वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरच तो जाऊन बसला. नाथांनी तिला एवढंच सांभाळायला सांगितलं की पाहुणा पडता कामा नये. तिने उलट सांगितलं की हरीला पाठीवर घेऊन काम करायची तिला सवय आहे. पैज लावणारा हरला.

गोष्ट गोड आहे. पण ती आज वाचताना एक प्रश्न पडतो. या सगळ्या पाहुण्यांचा, वारकऱ्यांचा आणि पुरणपोळ्यांचा स्वयंपाक कोण करत होतं? नाथांच्या शांतीचा अर्धा भार गिरिजाबाईंच्या पाठीवर होता आणि त्यांना स्वतःला काय वाटत होतं हे कुठल्याच चरित्रकाराने फारसं लिहिलं नाही. महिपतींचे भक्तविजय आणि भक्तलीलामृत हे ग्रंथ १८ व्या शतकातले आहेत, म्हणजे नाथांनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिलेले. त्यामुळे या कथा इतिहासाचा कागद म्हणून नाही, तर समाजाने जपलेली आठवण म्हणून वाचायच्या.

बाप-लेकात बिनसलं कशावरून?

एकनाथांचं लिखाण एव्हाना गाजत होतं. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका लिहायला घेतली. पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि उरलेलं काम काशीत. १५७३ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. हेच एकनाथी भागवत. ३१ अध्याय आणि सुमारे १८ हजार ८०० ओव्या. संस्कृतातलं ज्ञान मराठीत आणलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी हरकत घेतली आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ तयार केला.

भाषेपेक्षाही मोठा वाद होता तो जेवणाचा. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी केलेला स्वयंपाक नाथ आणि गिरिजाबाईंनी दारावरून चाललेल्या, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार कुटुंबाला वाढला. वाळवंटात उन्हाने पोळणारं एक महाराचं मूल नाथांनी उचलून घरी पोचवलं. एका महार जोडप्याच्या आमंत्रणाला मान देऊन ते त्यांच्याकडे जेवायला गेले, अशीही कथा आहे. पैठण हे धर्मनिर्णय देणाऱ्या ब्राह्मणांचं गाव. तिथे याची किंमत वाळीत पडण्याने मोजावी लागायची आणि वाळीत पडतं ते एकटा माणूस नाही, अख्खं घर.

हरिपंडित याच गावात मोठा झाला. संस्कृतात पारंगत झाला. त्याच्या डोळ्यांसमोर वडील मराठीत पुराण सांगत होते, कुणाच्याही घरी जेवत होते आणि गावातले विद्वान नावं ठेवत होते. त्याला हे सहन झालं नाही. तो बायको-मुलांना घेऊन काशीला निघून गेला.

हरिपंडिताला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तो वाईट मुलगा नव्हता. घराचं नाव राखायला हवं असं त्याला मनापासून वाटत होतं. बापाला माणसं महत्त्वाची वाटत होती आणि लेकाला नियम. दोघांच्याही बाजूला अध्यात्मच होतं. देव मानणाऱ्या घरात देवावरून भांडण होत नाही, हा समज इथेच खोटा पडतो.

दोन अटी आणि एक पान

एकनाथ म्हातारपणाकडे झुकलेले होते. तरी ते स्वतः काशीला गेले आणि मुलाला परत चल म्हणून विनवलं. हरिपंडिताने दोन अटी घातल्या. एक, मराठीत पुराण सांगायचं नाही. दोन, दुसऱ्याच्या घरचं अन्न खायचं नाही.

म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे एकनाथ हे एकनाथ होते, त्याच सोडायच्या. नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि मुलगा, सून, नातवंडं पैठणला परत आली.

आता वाड्यात हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि नाथ श्रोत्यांत बसू लागले. पण श्रोते कमी कमी होत गेले. बायाबापड्यांना, शेतकऱ्यांना त्यातलं काही कळेना. नाथांनी यावर एक शब्दही काढला नाही. रिकामी होत चाललेली ओसरी मुलाला रोज दिसत होती.

मग एक गरीब विधवा आली. तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता आणि हजार ब्राह्मणांना जेवू घालायची तिची ऐपत उरली नव्हती. एकट्या नाथांना जेवायला घातलं तर संकल्प पुरा होईल, असं तिला कुणीतरी सांगितलं. नाथांचे हात शब्दाने बांधलेले. तेव्हा हरिपंडितच पुढे झाला. स्वयंपाक तो स्वतः करणार होता, म्हणजे अट मोडली जाणार नव्हती. नाथ तिच्या घरी जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी मुलाला पत्रावळ उचलायला सांगितलं. एक उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या, असं कथा सांगते. हरिपंडिताने वडिलांचे पाय धरले. वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झालं.

हजार पत्रावळींवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण चमत्कार बाजूला ठेवला तरी बरंच काही उरतं. नाथांनी दिलेला शब्द मोडला नाही. त्या बाईलाही नाही म्हटलं नाही. अट घालणाऱ्याच्याच हातून त्या अटीतून वाट निघाली. एका गरीब बाईच्या चुलीपुढे बसून स्वयंपाक करताना पंडिताला जे दिसलं, ते वादात कुणी दाखवू शकलं नसतं.

भारुडातलं सासर

घरातली कटकट नाथांना किती बारकाईने माहीत होती, हे त्यांच्या भारुडांत दिसतं. त्यांची सुमारे ३०० भारुडं आहेत. एका भारुडात सासरला वैतागलेली सून भवानी आईकडे नवस बोलते. सासरा, सासू, नणंद, नवरा असा एकेकाचा बंदोबस्त ती देवीकडे मागते. ऐकणाऱ्या बायका हसून हसून बेजार होतात, कारण जे मनात असतं आणि तोंडाने बोलता येत नाही, ते कुणीतरी गावासमोर बोललेलं असतं. आतला अर्थ वेगळाच आहे. ही सगळी नाती म्हणजे माणसाला अडकवणारे विकार. पण वरचा अर्थही खोटा नाही.

दुसऱ्या एका भारुडात काम-क्रोधाला विंचू केलंय. राग हा माझा स्वभाव आहे असं नाथ म्हणत नाहीत. राग बाहेरून डसतो, त्याचं विष चढतं आणि ते उतरवताही येतं, असं ते दाखवतात. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात कथनात्मक उपचारपद्धती मांडली. समस्या म्हणजे माणूस नव्हे, समस्या वेगळी आणि माणूस वेगळा, हे तिचं मुख्य सूत्र. भारूड ही काही थेरपी नव्हती, पण युक्ती ओळखीची वाटते.

आजचे फॅमिली थेरपिस्ट यात काय पाहतील?

फॅमिली थेरपी म्हणजे एका माणसाला रुग्ण न मानता अख्ख्या घराच्या नात्यांवर काम करायचं. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत १९५० च्या दशकात आकाराला आली. भारतात त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं आणि उपचारात सामील करून घेतलं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी वेगळं केंद्रच आहे.

सुरुवातीला थेरपिस्ट धर्म-अध्यात्माला हात लावत नव्हते. तो पुजाऱ्याचा प्रांत, असं मानलं जायचं. नंतर चित्र बदललं. अमेरिकेतल्या फ्रोमा वॉल्श यांनी १९९९ मध्ये याच विषयावर एक ग्रंथ संपादित केला. संकटात टिकून राहणाऱ्या घरांकडे काय असतं, याचा त्यांनी अभ्यास केला. दुःखाला अर्थ लावणारी श्रद्धा हा त्यातला एक महत्त्वाचा धागा. थेरपिस्टने कुणाला देवळात पाठवायचं नसतं, पण त्या घराची श्रद्धा काय आहे हे विचारायचं असतं. कारण ती घराला जोडतही असते आणि तोडतही असते. हरिपंडिताच्या गोष्टीत ती दोन्ही करते.

मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने आणखी एक कल्पना मांडली. नात्यात राहूनही आपलं स्वतंत्र मत टिकवता येणं, हे त्याच्या मते प्रौढपणाचं लक्षण. चिडून सगळे संबंध तोडणं हे त्याला स्वातंत्र्य वाटत नाही. त्या नजरेने पाहिलं तर काशीला गेलेला हरिपंडित मोकळा झाला नव्हता. आणि अटी मान्य करणारे नाथ हरले नव्हते, कारण त्यांनी वागणं थांबवलं होतं, मत बदललं नव्हतं.

सहन करणं म्हणजे अध्यात्म नव्हे

इथे एक धोका आहे. नाथांच्या शांतीच्या गोष्टी आपल्याकडे बऱ्याचदा सुनांना ऐकवल्या जातात. नाथांनी थुंकी सहन केली, तू टोमणे सहन कर. हा हिशेब चुकीचा आहे. नाथ घरातले कर्ते पुरुष होते, विद्वान होते, मोठ्या घराण्यातले होते. त्यांनी माघार घेतली ती ताकद असताना, स्वतःहून. ज्याच्याकडे ताकदच नाही त्याला माघार घ्यायला लावणं, याला दबाव म्हणतात. नाथांच्या चरित्रातही कमी ताकदीच्या माणसाला झुकायला सांगितलेलं नाही. बाप मुलापुढे झुकला, ब्राह्मण महाराच्या दारी गेला.

घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर तिथे शांती राखायची नसते, मदत घ्यायची असते. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि मनावरचा ताण असह्य झाला तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. नामस्मरण आणि समुपदेशन यांत एकच निवडावं लागतं असंही नाही.

वाड्यातून गोदावरीकडे

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला, असं मानतात. जनार्दनस्वामींच्या समाधीची तिथीही हीच. म्हणून पैठणला नाथषष्ठीचा सोहळा भरतो. लाखो वारकरी येतात, तीन दिवस गाव गजबजतं आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते.

नाथांच्या मागे घर विस्कटलं नाही. ज्या हरिपंडिताने एकेकाळी वडिलांच्या मराठी पुराणापायी गाव सोडलं, त्यानेच पुढे वडिलांच्या पादुका पंढरपूरला वारीत नेण्याची प्रथा सुरू केली, असं परंपरा सांगते. पैठणहून नाथांची पालखी आजही आषाढीला निघते. मुलगी गोदाचा मुलगा मुक्तेश्वर. आजोबांवर मराठीवरून एवढं भांडण झालं, त्यांच्याच या नातवाने महाभारताची पर्वं मराठीत लिहिली आणि तो मराठीतल्या मोठ्या कवींत गणला गेला.

१९३५ मध्ये प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली नाथांवर धर्मात्मा हा चित्रपट काढला. बालगंधर्वांनी त्यात एकनाथ साकारले. चित्रपटाचं आधीचं नाव महात्मा होतं, पण सेन्सॉरच्या हरकतीमुळे ते बदलावं लागलं. पैठणला जायकवाडी धरण झालं, त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव मिळालं. आज छत्रपती संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी याच नाथसागरातलं असतं.